लगद्याची टोपली

साठ सालच्या आसपास नंदुरबारला आमच्या वडिलांचा लाल मिरचीचा व्यापार होता. माल गोणीतून रेल्वेने सुरतेकडे जायचा आणि तळातल्या मिरचीचा चुरा व्हायचा. माझा थोरला भाऊ त्यावर हिवाळाभर खपला. त्याने जाड पुठ्ठ्याची खोकी केली. वरच्या खोक्याचा तळ खालच्याच्या झाकणातल्या खाचेत घट्ट बसायचा. थप्पीवर स्वतः उभा राहून त्याने ती आईला दाखवली. एवढा हसताना मी त्याला पुन्हा पाहिलं नाही.

पहिला माल भरायला नेहमीच्याच बाया आल्या. कोरडी मिरची भरताना मोडते, म्हणून त्यांनी नेहमीसारखं तिच्यावर पाणी शिंपडलं. गोणीला ते चालायचं. पाणी शिंपडतात हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं, भावालाही, पण पुठ्ठ्याचं काय होईल हे कुणाच्याच डोक्यात आलं नाही. सकाळी पाहतो तर तळातली खोकी भिजून बसली होती आणि अख्खी थप्पी कोसळली होती.

"गोणीच बरी शे," एवढंच वडील म्हणाले. त्याचा मला अजून राग येतो. ओरडले असते तर बरं झालं असतं.

आईने पुठ्ठा वाया जाऊ दिला नाही. चिकटपणासाठी मेथीचे दाणे घालून कुटला आणि त्या लगद्याची भाकरीची टोपली केली. तिला कायम तिखटाचा वास यायचा. पुढे कधीतरी त्या वासाला कंटाळून मी भाकरीसाठी नवा डबा आणला, तेव्हा भाऊ ताटातून मान वर न करता म्हणाला, "ऱ्हाऊ दे. हाई मजबूत शे."