पंचफुलाबाईंनी बंद केलेली वाट

सक्करदऱ्याच्या तलावामागे गवत कापताना पंचफुलाबाईंचा नवरा नत्थू साप चावून गेला, त्या जागेवर बाईंनी पुन्हा विळा लावला नाही. माणूस जिथे गेला तिथलं कापायचं नाही, असा त्यांच्या घरचा रिवाज. मूलबाळ नव्हतं. भोवतालचं सगळं गवत कापून त्या एकट्याच भारे विकायच्या. खोलीएवढा तो तुकडा मात्र उभा राहायचा.

दोन वर्षांत तिथलं गवत डोक्यावर गेलं, आणि एकाहत्तरच्या दिवाळीआधी त्यात हिरव्या मुनिया आल्या. मी शाळेत शास्त्र शिकवायचो, पाखरांचा नाद होता. पिंजऱ्यासाठी धरून धरून हे पाखरू आमच्याकडे दिसेनासं झालेलं. घरट्याला त्याला असंच जुनं, दाट, कोणी न शिरलेलं गवत लागतं. मी हरखून गेलो. बाईंना वेगळंच वाटलं.

"त्याहिनंच धाडली," त्या म्हणाल्या.

मग रोज संध्याकाळी आत जाऊन दिवा, मूठभर ज्वारी, दोन गोष्टी. त्यांच्या पायांनी गवतात चांगली रुंद वाट पडली.

पुढच्या वर्षी त्याच वाटेने मुंगूस शिरलं. घरटी फाटली, अंडी फुटली. तो तुकडा इतका गप्प झाला की मला तिथे उभं राहवेना.

"तुमच्याच वाटेनं मेली ती," मी तडकून बोललो. "आत जाणं बंद करा, बाई."

"मी नाही गेली त त्याहिले एकटं नाही वाटन का, गुरुजी?"

माझ्या त्या बोलण्याची मला आजही लाज वाटते.

पण बाईंनी जाणं बंद केलं. वर्षभर त्या बांधावरूनच बघायच्या. वाट बुजली, आणि मुनिया परत आल्या.

त्या कार्तिकात एका संध्याकाळी आम्ही बांधावर उभे होतो. आत किलबिलाट चालला होता. वाऱ्याचं नाव नव्हतं, तरी पूर्वी जिथे वाट होती, नेमकं तिथलं गवत हळूहळू दोन्ही बाजूंना सरकलं. दारातला माणूस आपल्याला आत घ्यायला बाजूला होतो, तसं.

बाईंनी पाय उचलला. मग मागे घेतला आणि पदर डोक्यावर ओढला.

"आयकलं का," त्या गवताकडे बघून म्हणाल्या, "हाक नका मारू आता. तिथं लेकरं हायेत आपली. मी नाही येत."

पाखरं एकदम गप्प झाली. गवत मिटलं. बऱ्याच वेळाने एक मुनिया बोलली, मग दुसरी.

बाईंनी दिवा बांधावरच ठेवला आणि रडत घरी निघाल्या.