सेवेमावशीच्या कुत्र्याचं नाव

पाराग्वेतल्या पासो युकेरी गावच्या दूध संघात संगणक सात आणि खातं मात्र एकच, सेवेरियानाचं. सगळे तिला सेवेमावशी म्हणत. संगणकांची सगळी उस्तवार तिच्याकडे. पासवर्ड म्हणजे तिच्या कुत्र्याचं नाव, तितो. तो गावातल्या बाकीच्या कुत्र्यांनाही ठाऊक असावा. अहो, ज्या कचेरीत एकाच शिंगाच्या पेल्यातून, एकाच नळीनं सगळे दिवसभर तेरेरे नावाचा गार चहा ओढतात, तिथे पासवर्डाचं कसलं आलंय उष्टंखरकटं!

आणि तिथेच घात झाला. वार्षिक सभेच्या आदल्या दिवशी मावशीच्या खात्यातून सगळ्या सभासदांना निरोप गेला: ‘अध्यक्षांचं भाषण रद्द. थेट चिपा खायला या.’ सभेला एवढी गर्दी कधीच झाली नव्हती. लोकांनी चिपा, म्हणजे चीजचे गरम गरम पाव, हाणले, नाचले, घरी गेले. अध्यक्ष इलारिओसाहेब कोपऱ्यात तोंड मिटून बसले होते. दोन दिवसांनी मात्र ते तोंड उघडलं.

“बाई, हे तुमचंच काम!”

“खातं माझं साहेब, बोटं दुसऱ्याची.”

“मग महिन्याभरात असं सॉफ्टवेअर बघा, की ज्याचं नाव त्याचीच बोटं. चोर सापडला तर ठीक, नाहीतर तुम्ही घरी बसा.”

मावशीच्या पगारावर म्हातारी आई जगत होती, आणि तो खादाड तितोही.

पहिलं सॉफ्टवेअर साहेबांचा भाचा रोलांदो राजधानीहून घेऊन आला. प्रत्येकाला वेगळं खातं, पासवर्डात आकडे, चिन्हं, काय नि काय. “कुणाच्या बापाला फुटायचं नाही!” तो म्हणाला.

मावशी गालातल्या गालात हसली. कचेरीतल्या सगळ्यांना तिनं आंब्याखाली बसवलं आणि पेला फिरवला. “लिब्रादा, तुझा पासवर्ड काय गं?” कारकून बर्नार्दोनं विचारलं. लिब्रादानं तो सांगितला, वर पाठ कसा केला तेही सांगितलं. भांड्यातला बर्फ वितळायच्या आत सगळ्यांचे पासवर्ड सगळ्यांना पाठ झाले. रोलांदोनं कपाळावर हात मारला.

“कुलूप झकास आहे रे बाळा,” मावशी म्हणाली, “पण आम्ही किल्ली वाटून खातो.”

मग तिनं दुसरं निवडलं, साधं, फुकटातलं. त्याची एकच खोड होती. एक नाव एका वेळी एकाच संगणकावर चालायचं. तेच नाव दुसरीकडे कुणी उघडलं, की पहिल्याचा पडदा काळा, हातातलं काम गेलं, आणि नाव कुठे उघडलं तेही पडद्यावर यायचं. ज्याचं जळतं त्यालाच कळतं. पहिल्याच सकाळी लिब्रादा किंचाळली, “बर्नार्दो, मेल्या! सकाळपासूनची सगळी दुधाची नोंद घालवलीस!” आठवडाभर कचेरीत नुसता शिमगा चालला. मग जो तो गुपचूप पासवर्ड बदलून मोकळा झाला, आणि पेला फिरताना गप्पा फक्त फुटबॉलच्या उरल्या.

एकीनंच बदलला नाही. मावशीचा पासवर्ड अजून तितोच होता. गळ टाकून बसली होती ती.

महिना संपला, पण गळाला काही लागलं नाही. नवीन सॉफ्टवेअर बघायला संचालक आणि कर्मचारी मोठ्या खोलीत जमले. साहेब तेवढे आपल्या खोलीत होते. मावशी आपलं नाव उघडून भिंतीवर प्रोजेक्टरनं दाखवत होती. एवढ्यात भिंत काळी झाली, आणि अक्षरं उमटली: ‘सेवेरियाना हे नाव आत्ता अध्यक्षांच्या खोलीत उघडलं आहे.’

“अगंबाई!” लिब्रादा म्हणाली.

मावशी तडक त्या खोलीत गेली. साहेबांचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर होता आणि एक बोट हवेत.

“तुमचं स्वतःचं खातं कुठे गेलं, साहेब?”

“ते मला जमत नाही गं. विचारायची लाज वाटते. सगळ्यांसमोर फजिती नको, म्हणून हे नवीन आधी बघून घेत होतो. तितो सोपा पडतो.”

“आणि तो निरोप?”

साहेबांनी तोंडावर हात धरला. “आदल्या दिवशी कवळी तुटली. बोळक्या तोंडानं भाषण कसं करणार?”

“मग घरी मला का बसवत होतात?” मावशी कडाडली. राग खरा होता.

“भाषण रद्द झालं म्हणून लोक नाचले, सेवेरियाना. नाचले! ते मला सोसलं नाही.”

मावशीला हसू फुटत होतं. तिनं ते गिळलं. “उठा. माईकवर चला.”

साहेब माईकपुढे उभे राहिले. “निरोप मी पाठवला होता. बाईंचा काही दोष नाही. त्यांची नोकरी पक्की,” एवढंच म्हणाले आणि खाली बसले.

इतक्या वर्षांत त्यांच्या भाषणाला लोक पहिल्यांदाच ओरडले, “पुन्हा एकदा, साहेब! पुन्हा एकदा!”