ओव्हाळ मॅडमची नेमणूक

वाघोलीच्या आमच्या कॉलेजात ओव्हाळ मॅडम उद्योजकता शिकवतात, पण धंदा फळ्यावर शिकता येतो हे त्यांना मान्य नाही. परप्रांतातून येऊन इथे दुकान थाटणाऱ्यांवर त्यांचं संशोधन चालू आहे. म्हणून वर्गातल्या प्रत्येकाने अशा एका दुकानात आठवडाभर राबायचं, असा त्यांचा हुकूम निघाला.

लांब कोण जाणार? अख्खा वर्ग कॉलेजसमोरच्या रामसजीवनकडे धडकला. उत्तर प्रदेशातल्या खुर्ज्याहून आलेला हा माणूस नगर रस्त्याच्या कडेला चिनी मातीच्या कुंड्या विकतो. आमच्या गर्दीत गिऱ्हाइकांना कुंड्याच दिसेनात.

मॅडम पाहणीला आल्या तेव्हा त्याने हात जोडले. "एवढी माणसं मला झेपत नाहीत, मॅडम. शेजारी वाटून देतो."

बडबड्यांना त्याने मोबाइल कव्हरवाल्याकडे पाठवलं आणि खादाडांना केरळी बेकरीत. मी बेकरीत गेलो. माझी तक्रार नाही.

"आणि मी काय करू? नुसती शोभेला उभी राहू?" मॅडमनी तिरकसपणे विचारलं.

"तुम्ही गल्ल्यावर बसा. मागे एका कुंडीसाठी तुम्ही माझ्याशी पाऊण तास भांडलात आणि ती निम्म्या भावात नेलीत. आता तसंच माझ्या बाजूने भांडा."

मॅडम गल्ल्यामागच्या स्टुलावर बसल्या. संध्याकाळी आमचे प्राचार्य एक कुंडी स्वस्तात मिळते का बघायला आले. जाताना पूर्ण भावाने दोन घेऊन गेले.