बर्फावरचं बोरन्हाण

आमच्या गावच्या आइस हॉकी संघाच्या इतिहासात टेंबे घराण्याचं नाव कायमचं नोंदलं गेलं आहे.

ही बढाई नाही. बर्फाच्या मैदानाच्या दाराशी, जिथे ओले हातमोजे वाळत टाकतात त्या भिंतीवर, संघाने 'अविस्मरणीय हिवाळी क्षण' म्हणून फोटोंची रांग लावली आहे. पहिल्या फोटोत बर्फाचं यंत्र बंद पडल्यामुळे खेळाडू घोट्याएवढ्या पाण्यात उभे आहेत. दुसऱ्यात वीज गेलेली आहे (फोटो संपूर्ण काळा. तरी फ्रेम केलाय!). तिसऱ्यात एका खेळाडूचा दात आहे. नुसता दात, खेळाडू नाही. आणि चौथा आमचा. ज्या संघाचे अविस्मरणीय क्षण हे असे, त्यांचे विसरण्यासारखे क्षण काय असतील याचा विचार मी करत नाही.

आमचं गाव आइंडहोवनपासून अर्ध्या तासावर. माझा नवरा मंदार तिथे चिप बनवणाऱ्या यंत्रांचं काहीतरी करतो. काय करतो ते त्याने मला तीनदा समजावलंय आणि तिन्ही वेळा मी 'हो का' म्हटलंय. या गावात हिवाळ्यात करण्यासारख्या दोनच गोष्टी आहेत: पाऊस बघणे आणि आइस हॉकी बघणे. त्यातला पाऊस जास्त रंजक आहे.

आइस हॉकी म्हणजे काय? तर बारा धिप्पाड माणसांनी गाद्या-उशा अंगाला बांधून एका काळ्या चकतीमागे धावायचं. ती चकती प्रेक्षकांना दिसत नाही. मला तर वाटतं त्यांनाही दिसत नसावी, म्हणूनच ते चिडून एकमेकांना भिंतीवर आपटतात. संघ व्यावसायिक आहे, असं मंदार अभिमानाने सांगतो. म्हणजे आमचा गोलकीपर दिवसा शाळेत भूगोल शिकवतो आणि शनिवारी संध्याकाळी मार खायचे पैसे घेतो.

पण आमच्या जुईला हा खेळ आवडला. नऊ वर्षांची पोर. मी तिला भरतनाट्यमला घालू पाहत होते, तर ती जाऊन गोलकीपर झाली! दोन वर्षं दर रविवारी पहाटे उठून ती सरावाला जात होती, आणि दोन वर्षं तिला राखीव म्हणून बाकावर बसवत होते. आणि एक दिवस लहान मुलांच्या संघाची व्यवस्थापक आनेके हिची ईमेल आली. जानेवारीतल्या मोठ्या सामन्याच्या पहिल्या मध्यंतरात मुलांना पाहुण्या संघाच्या मुलांविरुद्ध पाच मिनिटं खेळायला मिळणार होतं, भरलेल्या स्टेडियमसमोर. आणि गोलमध्ये जुई!

जुईने फ्रिजवर कॅलेंडर चिकटवलं आणि रोज एक दिवस खोडायला लागली.

तो शनिवार नेमका बोरन्हाणाचा निघाला. माझ्या सासूबाई सांगलीहून मुद्दाम आल्या होत्या. धाकट्या ओजसचं हे शेवटचं बोरन्हाण, पुढच्या संक्रांतीला तो पाच पुरी करून बसणार. त्यांचं परतीचं विमान बुधवारी होतं.

"अनघा, रथसप्तमीपर्यंत चालतं गं. पण मी काही रथसप्तमीपर्यंत नाहीये."

"आई, तुम्ही काळजीच करू नका," मी म्हटलं. मी प्रोजेक्ट मॅनेजर आहे. एका दिवशी दोन कार्यक्रम आले की इतरांना घाम फुटतो, मला एक्सेल फुटते. "सामना संपला की तिथल्याच कॅन्टीनमध्ये बोरन्हाण करू. लुटायला जुईचा अख्खा संघ आहे. चौदा पोरं! मंडळात बोलावून पाच येत नाहीत."

"आणि बोरं?"

बोरं आइंडहोवनला मिळेनात. त्याऐवजी मी पेपरनोटन घेतल्या. इथे डिसेंबरच्या सणात पोरांपुढे मूठमूठ उधळतात ती मसाल्याची टणक गोल बिस्किटं. आमच्याकडे उरलेली दोन पाकिटं होती. रंगाने, आकाराने बोरच. त्यात कुरमुरे, रेवड्या, द हेगच्या सुरिनामी दुकानातून आणलेले उसाचे करवे आणि सासूबाईंनी सांगलीहून आणलेला काटेरी हलवा, पांढराशुभ्र.

आता दुसरी पिशवी. त्या सामन्याची एक प्रथा आहे. आपल्या संघाने पहिला गोल केला की सगळ्या प्रेक्षकांनी बर्फावर मऊ खेळणी फेकायची. मग ती गोळा करून इस्पितळातल्या मुलांना देतात. खेळणी भिजू नयेत म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून आणायची, अशी सूचना होती. मी दोन अस्वलं आणि एक हत्ती सुपरमार्केटच्या पिशवीत भरले. बोरन्हाणाचं सामानही सुपरमार्केटच्या पिशवीत भरलं. दोन्ही पिशव्या एकाच रंगाच्या.

"एकीला लाल दोरा बांधते," सासूबाई म्हणाल्या.

"कशाला? कळतं मला कशात काय आहे ते."

"निदान गाठ तरी घट्ट मार."

"आई, कॅन्टीनमध्ये परत सोडायचीच आहे ना!"

(ही दोन वाक्यं पुढे त्यांनी सांगलीत प्रत्येकाला, माझा आवाज काढून, म्हणून दाखवली.)

शनिवारी मी काळी साडी नेसले. संक्रांतीचा काळा रंग, आत थर्मल, वर जाकीट. ओजसला हलव्याचे दागिने घातले: मुकुट, हार, बासरी. मंदारच्या खांद्यावर बसून तो मैदानात शिरला तेव्हा बियर पिणाऱ्या दोन माणसांनी ग्लास खाली ठेवून वाट दिली. जुईने मात्र माझ्या साडीकडे पाहून डोळे मिटले.

"मम्मा, डू नॉर्माल."

म्हणजे, नेहमीसारखं शहाण्यासारखं वाग. डच माणसाच्या तोंडी दिवसातून दहादा असणारा हा उपदेश आमच्या मुलीने वयाच्या चौथ्या वर्षी उचलला आणि तेव्हापासून तो फक्त माझ्यावर वापरते.

सामना सुरू झाला. मी दोन्ही पिशव्या मांडीवर घेऊन मंदारला माझी मतं ऐकवत होते. "हे बघ, पडला. तो बघ, तोही पडला. यांना पगार पडण्याचा मिळतो का?" मंदार ऐकत नव्हता. इतक्यात समोर काहीतरी झालं, भोंगा वाजला, आणि अख्खं स्टेडियम उभं राहिलं.

"गोल!" मंदार किंचाळला. "टाक! अनघा, टाक!"

आता माझी एक गोष्ट मी कबूल करते. वर्षभर त्या खेळाला नावं ठेवणारी मी बाकावर उभी राहिले, जिवाच्या आकांताने ओरडले, आणि हाताला लागली ती पिशवी डोक्यावरून गरगरा फिरवून अशी काही भिरकावली की शाळेत मला थाळीफेकीत नापास करणाऱ्या आमच्या बाईंनी पाहिली असती तर माफी मागितली असती.

पिशवी काचेवरून पलीकडे गेली. हवेत तिची गाठ सुटली.

इतरांची अस्वलं धपाधप खाली पडत होती. आमचे कुरमुरे मात्र सावकाश, तरंगत, दिव्यांच्या झोतात चमकत उतरले. क्षणभर फार सुंदर दिसलं. लोकांना वाटलं संघाने मुद्दाम केलंय, त्यांनी टाळ्या वाजवल्या. मग उसाचे करवे पडले. एक करवा पंचाच्या पायाशी गेला. पंचाने तो उचलला, वास घेतला आणि गॅलरीकडे पाहिलं.

"अनघा," सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "पायाशी हत्ती आहे बघ."

स्वयंसेवकांनी अस्वलं उचलली, दिसले तेवढे करवे उचलले, आणि खेळ पुन्हा सुरू केला. चूक तिथे झाली. कुरमुरे दिसतात, पेपरनोटन दिसतात. पण पांढऱ्या बर्फावर पांढरा काटेरी हलवा ब्रह्मदेवालाही दिसत नाही! पहिला घसरला पाहुण्यांचा उंच खेळाडू. दुसरा त्याला हसणारा आमचा. तिसरे आमचे भूगोलाचे मास्तर. गोल सोडून दोन पावलं पुढे आले आणि आडवे झाले, ते थेट कोपऱ्यापर्यंत गेले. पंचाने शिट्टी फुंकून खेळ थांबवला.

बर्फ घासायचं यंत्र आलं. चालवणारे आजोबा खाली उतरले, बोटाने एक कुरमुरा उचकटून बघितला आणि मान हलवली. हा प्रकार यंत्रात अडकला तर आजचा सामना विसरा, असं त्यांनी सांगितलं. मग लाउडस्पीकरवर घोषणा झाली. राहिलेला खेळ नंतर होईल, मध्यंतर आत्ताच घेत आहोत, ते सगळं सफाईत जाईल. मुलांचा सामना रद्द.

खाली, मैदानाच्या दारात, जुई गोलकीपरच्या पूर्ण वेषात उभी होती. तिने वर माझ्याकडे पाहिलं. रडली नाही. हेल्मेटची जाळी तेवढी खाली ओढली. त्या क्षणी मला स्वतःची इतकी लाज वाटली की आजही लिहिताना हात थांबतो. दोन वर्षं पोरगी बाकावर बसली होती, आणि तिची पाच मिनिटं तिच्या आईने कुरमुऱ्यांत घालवली होती.

मी साडी खोचली आणि खाली धावले.

"आनेके, मी टाकलं ते. मी साफ करते. मुलांना खेळू दे."

आनेकेने माझ्या बुटांकडे पाहिलं. "तू? बर्फावर?"

"मग ज्यांना बर्फावर चालता येतं ती चौदा जणं तुझ्याजवळ उभी आहेत ना! दहा मिनिटं दे."

आनेके 'हो' म्हणायच्या आधीच एका पोराला जाळीच्या आतून पेपरनोटन दिसल्या. तो ओरडला, आणि चौदाच्या चौदा पोरं बर्फावर सुटली. जमिनीवर पेपरनोटन पडल्या की काय करायचं, हे डच पोराला शिकवावं लागत नाही. काठ्या टाकून, जर्सीचे ओचे करून, एकमेकांना ढकलत पोरांनी जी लूट केली, तशी आमच्या सात पिढ्यांच्या बोरन्हाणांत झाली नसेल. सासूबाई कठड्याला धरून वरून ओरडत होत्या, "तिकडे रेवडी राहिली! ए हिरव्या टोपीच्या!" आणि तो हिरवा पोरगा बरोबर तिकडे जात होता. मंदारच्या खांद्यावर ओजस बासरी चाखत बसला होता.

सहा-सात मिनिटांत बर्फ जवळजवळ साफ. उरला हलवा. तो डोळ्यांनी सापडत नव्हता, हातालाच लागत होता. आणि हे काम कोणाचं, यावर फारशी चर्चा झाली नाही. मी काळ्या साडीत, चार पायांवर, हातमोजे काढून, तळहाताने बर्फ चाचपत मैदानाच्या मधोमध निघाले. हलवा वेचायचा, ओच्यात टाकायचा, अर्धा फूट पुढे सरकायचं. बोटं केव्हाच बधिर झाली होती.

"वेळ संपत आली!" आनेके ओरडली. "मुलं या टोकाला खेळतील. तू जिथे आहेस तिथेच थांब, हलू नकोस!"

थांबले. हलणं शक्यही नव्हतं, मी उठले की पाय आपापल्या मार्गाने जात होते. पाठीमागे शिट्टी वाजली, काठ्यांची खडखड ऐकू आली. मी इमानदारीने हलवा शोधत राहिले. हा दाणा जुईच्या पायाखाली यायला नको, एवढंच डोक्यात होतं.

आणि अचानक स्टेडियम गरजलं!

टाळ्या, शिट्ट्या, ढोल, भोंगा. लोक उभे राहिले. माझा ऊर भरून आला. म्हटलं, बघा, इतकं तुसडं समजत होते मी या लोकांना, पण मनाचे मोठे आहेत. माझी चूक, माझे कष्ट, सगळं पाहिलं त्यांनी. मी गुडघ्यांवर उभी राहिले, हात जोडले, डावीकडे वाकून नमस्कार केला, उजवीकडे केला, समोरही केला. टाळ्या वाढल्या. हसूही वाढलं, पण ते मी कौतुकात धरलं.

नंतर दोन खेळाडूंनी मला दोन्ही दंडांना धरून दारापर्यंत ओढत आणलं. जुई तिथे उभी होती. हेल्मेट काढलेलं, चेहरा लालबुंद.

"डिड यू सी?"

"काय गं?"

एरवी मी मराठीत विचारलं तरी ती इंग्रजीत किंवा डचमध्ये उत्तर देते. त्या दिवशी मात्र, मला नीट कळावं म्हणून की काय, स्वच्छ मराठीत म्हणाली, "मम्मा, त्या टाळ्या माझ्या होत्या."

पाहुण्यांच्या मुलांतला सगळ्यात मोठा पोरगा एकटा चकती घेऊन तिच्यावर चालून गेला होता, आणि जुईने आडवी झेप घेऊन ती अडवली होती. ते मंदारने पाहिलं, सासूबाईंनी पाहिलं, बशा फिरवणाऱ्या कॅन्टीनवालीने पाहिलं. ज्या बाईने सगळा घोळ घातला आणि तो निस्तरायला जीव काढला, ती एकटी पाठ करून बसली होती. मी तिथेच तिला जवळ घेऊन रडले, आणि जुईने दोन्ही बाजूंना बघून, हळूच, 'डू नॉर्माल' म्हटलं.

तिची झेप मी पाहिली ती महिन्याभराने, भिंतीवरच्या चौथ्या फोटोत. आताही रविवारी सरावाला गेले की तिथे उभी राहते. मागच्या बाजूला, जरा अंधुक, माझी पोर हवेत आहे आणि चकती तिच्या हातमोज्यात आहे. खाली डचमध्ये लिहिलंय: 'जुई टेंबे, वय नऊ, पहिला बचाव.'

तर असं टेंबे घराण्याचं नाव लागलं. फोटोचा पुढचा पाऊण भाग व्यापून, हात जोडून, लोकांचे आभार मानणारं जे काळं काहीतरी आहे, त्याचं नाव लिहिण्याची संघाला गरज वाटलेली नाही.