अस्सल चामड्याचं कव्हर

अमरावतीच्या राजकमल चौकातल्या मोबाइल दुकानांत त्या काळी मला न ओळखणारा माणूस नव्हता. गिऱ्हाईक म्हणून नव्हे, फुकट फोन चाळणारा म्हणून. नवा फोन काचेच्या कपाटात लागला की संध्याकाळी मी हजर. हातात घेऊन वजन बघायचं, पाठीवर टिचकी मारायची, समोरच्या रसवंतीचा फोटो काढायचा, तो मोठा करून न्याहाळायचा आणि "कमी उजेडात मार खातो" म्हणून परत द्यायचा. तरी दुकानदार मला चहा पाजायचे, कारण मी एका स्थानिक दैनिकात दर शुक्रवारी मोबाइलवर सदर लिहायचो. अर्धं पान माझं, उरलेल्या अर्ध्यात बाजारभाव.

माझी मतं ठाम होती. बटणांचा फोन वापरणारा माणूस मागास. मुठीत मावतो तो फोन नव्हे, खेळणं. समोरचा कॅमेरा पाच मेगापिक्सेलहून कमी असेल तर तोंड दाखवायला जागा नाही. लग्नाच्या पोराचे एकर मोजावेत तसे मी प्रोसेसरचे कोर मोजायचो. चारऐवजी आठ कोर आले तेव्हा मला खरोखर आनंद झाला होता. त्या आठ कोरांचं मी काय केलं, तर त्यावर चार कोरांच्या फोनबद्दल वाईट लिहिलं.

अकोल्याला टिळक रोडच्या एका बोळात फोन दुरुस्त करणारा माझा एक मित्र होता. डोळ्याला भिंग लावून बसलेला, बोटांना सोल्डरचे डाग. माझं सदर तो आवडीने वाचायचा आणि मग माझ्या तोंडावर हसायचा. "भाई, तुम फोन की शादी लगाते हो," तो म्हणायचा. "मेरे पास उसकी मय्यत आती है." मी त्याला जुन्या वळणाचा समजायचो. त्याचा स्वतःचा फोन बटणांचा होता, त्यावरून काय ते कळतंच, असं मला वाटायचं.

पुढे व्हिडिओचं खूळ आलं. मग मीही चॅनेल काढलं. खोक्यातून फोन बाहेर काढायचा आणि काढताना बोलत राहायचं, एवढंच त्यात करायचं असतं. बघणारे होते चाळीसेक, त्यातले निम्मे माझे मावसभाऊ. अकोल्याच्या एका सभागृहात शेतकऱ्यांसाठीच्या ॲपचं उद्घाटन झालं, त्यालाही मी गेलो. पहिल्या तीन रांगांत आम्ही टेकप्रेमी, मागे शेतकरी. ते ॲप हवामान सांगणार होतं, रोग ओळखणार होतं, सल्ला देणार होतं. फक्त मागच्या रांगांतल्या एकाच्याही फोनमध्ये ते मावत नव्हतं. मी सदरात लिहिलं, "वऱ्हाडच्या शेतीत क्रांती". मुंबई-पुण्याहूनही माणसं यायची, गळ्यात कॅमेरे आणि हातात टॅब घेऊन, आणि गावोगाव बाया-माणसांचं रडणं उत्तम रिझोल्यूशनमध्ये टिपून न्यायची. मी त्यांच्याकडे बघायचो तो त्यांच्या लेन्सा बघायला.

ती वर्षं कशी होती हे वऱ्हाडात कोणाला सांगावं लागत नाही. आमच्याच दैनिकात माझ्या सदराच्या मागच्या पानावर जवळपास रोज एका शेतकऱ्याची चौकट असायची. कुठल्या गावचा, वय किती, वावरात कोणाला सापडला. शुक्रवारचा अंक आला की मी थेट माझं पान उघडायचो.

माझी थोरली बहीण अंजनगाव सुर्जीला दिलेली. भाऊजींचा पानमळा. माणूस इतका शांत की त्यांच्याशी बोलताना आपणच दोन्ही बाजू सांभाळायच्या. रोज दुपारी बारा वाजता ते मळ्यातून ताईला मिस कॉल द्यायचे. एक रिंग, आणि बंद. ताईने तो उचलायचा नाही, फक्त ऐकायचा. मला वाटायचं, जेवायला वाढ असा त्याचा अर्थ असेल. या गोष्टीवर मी एक अख्खं सदर पाडलं होतं. वऱ्हाडी माणूस हातात उपग्रह आला तरी त्यालाही मिस कॉलच देईल, असं त्यात वाक्य होतं आणि ते लोकांना फार आवडलं होतं.

मिस कॉलचं खरं कारण मला फार उशिरा कळलं, पण इथे आधीच सांगून टाकतो. त्यांच्या आळीतला एक माणूस, चारचौघांत हसणारा, सकाळी डबा घेऊन वावरात गेला आणि दिवस मावळेपर्यंत कोणाला काही कळलं नाही. कळलं तेव्हा फार वेळ होऊन गेला होता. त्यानंतर आळीतल्या बायकांनी आपापल्या नवऱ्यांना अट घातली, बाराला एक रिंग द्यायची. कशासाठी ते बायकांनी सांगितलं नाही आणि पुरुषांनी विचारलं नाही. एक रिंग म्हणजे मी आहे. बस.

हे माहीत नसलेला मी, उंटावरचा शहाणा, एका गुरुवारी संध्याकाळी अंजनगावला उतरलो. पिशवीत भाऊजींसाठी नवा टच फोन होता. हौसेला मोल नसतं हे खरं, पण त्यात माझाही मतलब होता. मला "खेड्यात आठ दिवस" असं सदर लिहायचं होतं आणि त्यासाठी खेड्यातला माणूस हवा होता. फोनसोबत मी फ्लिप कव्हर आणलं होतं. अस्सल चामड्याचं, तपकिरी, कडेला शिवण. नुसता वास घेतला तरी समजावं की माल चांगला आहे.

भाऊजींनी फोन दोन्ही हातांत धरला, प्रसाद घ्यावा तसा. "लय मोठा हाये," एवढंच म्हणाले.

"याचं कव्हर काढायचं नाही हं भाऊजी," मी बजावलं. "पडला तर काच जाईल."

कव्हरावरून त्यांनी एकदा अंगठा फिरवला. काहीतरी बोलणार असं वाटलं, पण बायकोच्या भावाने हौसेने आणलेल्या वस्तूला नाव ठेवणारा तो माणूस नव्हे. सकाळी मी त्यांच्या जुन्या फोनमधलं सिम काढलं आणि कटरने कापून नव्या फोनच्या मापाचं केलं. कापलेलं सिम जुन्या फोनला बसत नाही. परतीची वाट बंद करून मी त्यांना मळ्यात पाठवलं आणि बाजेवर आडवा पडून मुद्दे लिहायला घेतले. पहिला मुद्दा होता, ग्रामीण वापरकर्ता सहज रुळला.

ताई भाकरी थापत होती. तिचा छोटा फोन चुलीपासून हातभर अंतरावर, पाटावर ठेवलेला. बारा वाजले. फोन वाजला नाही. तिने हातातली भाकरी तव्यावर टाकली, उलटली, काढली. पुढची थापली नाही.

"वाजला काय रे?" तिने मला विचारलं.

"नाही."

सव्वाबाराला तिने स्वतः फोन लावला. तो बंद असल्याचं एका बाईने गोड आवाजात तीन भाषांत सांगितलं. ताईने परत लावला.

"अगं, बॅटरी उतरली असेल," मी बाजेवरूनच म्हणालो. "नव्या फोनचं असंच असतं. पहिल्यांदा तो पूर्ण उतरवून पूर्ण चार्ज करावा लागतो, मग बॅटरीला आपली ताकद कळते." यावर माझ्याकडे आणखी पाच मिनिटांचं बोलणं तयार होतं. ताईने चुलीतली लाकडं मागे ओढली, तव्यावर पाणी मारलं आणि पिठाच्या हातांनीच चप्पल घालून निघाली.

मला राग आला. एका मिस कॉलसाठी एवढं? मी तिच्या मागे निघालो ते तिला समजवायला. ती चालत होती, मग भरभर चालू लागली, आणि आळी संपायच्या आत पळू लागली. दारात शेंगा सोलत बसलेल्या एका बाईने तिला बघितलं. सूप बाजूला ठेवलं आणि तीही मागे निघाली. पुढच्या घरातून आणखी एक निघाली. कोणी विचारलं नाही की काय झालं. मी पंधरा वर्षं अमरावतीत राहत होतो, कोणी धावत सुटलं की आधी विचारायची मला सवय. इथे कोणी विचारलं नाही, आणि तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मागच्या पानावरची ती चौकट, जी मी कधी पूर्ण वाचली नव्हती, मला शब्दन्शब्द पाठ होती.

मळा दहा मिनिटांवर. फाटकाशी भाऊजींच्या चपला काढून ठेवलेल्या आणि चपलांवर मी दिलेला फोन, चामड्याच्या कव्हरात नीट मिटवलेला. सकाळी तिथे निंबाची सावली असावी, आता रखरखीत ऊन होतं. मी उचलला तर तव्यासारखा तापलेला. तापून आपला आपण बंद पडला होता.

पानमळ्यात चामडं नेत नाहीत. चपला, पट्टा, पाकीट, सगळं बाहेर. वेलाला विटाळ होतो, वेल जळतो, असं मानतात आणि कोणी ते मोडत नाही. मी स्वतः दर वेळी पट्टा काढून, पँट हाताने धरून त्या मळ्यात गेलेलो आहे. आणि मीच त्या माणसाला चामड्यात गुंडाळलेला फोन दिला, वर कव्हर काढू नका म्हणून दटावलं. जुना फोन सदऱ्याच्या खिशात असायचा, आत घड्याळही तोच. पानमळ्यात बाराही महिने संध्याकाळचा उजेड. फोन बाहेर राहिला तर बारा वाजले हे आतल्या माणसाला कळायचं कसं? मोबाइलमधला जाणकार म्हणून मी एवढी वर्षं मिरवलो, पण एवढं मला सुचलं नव्हतं.

हे सगळं मी फाटकाशी उभं राहून समजून घेत होतो. ताई नुसत्या चपलांकडे बघत होती. काढून ठेवलेल्या चपला आणि आत काही आवाज नाही, यात तिला काय दिसलं ते मला सांगायचं नाही.

"अजी," तिने हाक दिली. आवाज फुटला नाही. पुन्हा दिली. वेल गच्च दाटलेले, दोन हातांपलीकडचं दिसत नव्हतं. मागे आलेल्या बाया फाटकाशी थांबल्या. एकीने पदर तोंडाला लावला होता.

मग ताई चपलांसकट आत शिरली. लग्नाला अठरा वर्षं झालेली, देवळात एकवेळ चूक होईल पण मळ्यात नाही अशी बाई. आत जाऊन तिने त्यांना नावाने हाक मारली. उखाण्याशिवाय ते नाव तिच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं. पोराला मारावी तशी, आळीत ऐकू जाईल अशी हाक.

"ओ," पलीकडून आवाज आला. अगदी साधा.

भाऊजी वेलांतून बाहेर आले, हातात पानांची जुडी. "काय झालं व?" त्यांनी विचारलं. मग त्यांची नजर तिच्या पायांकडे गेली. "चपला घालून आली तू?"

"बारा वाजून गेले," ताई म्हणाली.

त्यांचा हात आपसूक सदऱ्याच्या खिशाकडे गेला. खिसा रिकामा होता. त्यांनी मागे फाटकाशी उभ्या बायांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, माझ्या हातातल्या फोनकडे बघितलं. हातातली पानं खाली ठेवली, जी ते कधी मातीत ठेवत नाहीत. "आत समजलंच नाही व मले," म्हणाले. ताई तिथेच खाली बसली आणि रडली. ते तिच्याजवळ उभे राहिले, काय करावं हे न सुचलेल्या माणसासारखे, आणि मग तेही बसले. फाटकातल्या बाया परत गेल्या. मीही बाहेर आलो. मला रडू येत होतं आणि लाजही वाटत होती. दोन्हींपैकी लाज जास्त.

फोनचं परीक्षण मी पुढे लिहिलं. पडदा उत्तम, कॅमेरा बरा, उन्हात तापतो. खोटं त्यात एकही वाक्य नाही.

पण त्या दुपारी परतताना मी ताईसोबत होतो. भाऊजी मागाहून येणार होते. तिच्या हाताला पीठ वाळून चिकटलं होतं आणि ती ते नखाने काढत चालली होती. काहीतरी भरपाई करावी म्हणून माझं तोंड सुरू झालं. मी सांगितलं, आता एक ॲप आलंय, फोन चालू असला की माणूस कुठे आहे ते नकाशावर दिवसभर दिसतं. निळा ठिपका असतो. तुझ्या फोनवर नाही चालणार, पण तुलाही मी एक टच फोन आणतो. मग मिस कॉलची वाटच बघायला नको. घरबसल्या बघत जा, ठिपका मळ्यात आहे की नाही.

ती थांबली. रागावलेली नव्हती, खरंच समजून घ्यायचं असल्यासारखं तिने विचारलं,

"ठिपका मळ्यात दिसन, ते समजलं. पण मानूस जिता हाये का नाही, ते दिसन काय रे त्यात?"

मी नाही म्हणालो.

"मंग काऊन सांगून राहिला मले," ती म्हणाली, आणि पुढे चालू लागली.