इक्बालभाईंचं चौथं पत्र

माझ्या डाव्या भुवईवरची खूण तुम्ही पाहिलीच असेल. नसेल पाहिली, तर तुम्ही मला भेटलेलाच नाहीत—कारण भेटल्यावर पाच मिनिटांत मी ती दाखवतो. मग तिच्यामागची गोष्ट येते. दुबईतल्या अल क्वोजची मारामारी! अबुधाबीच्या खलिफा सिटीतल्या गणपतीत मी ती सांगितली आहे, लग्नाच्या पंगतीत सांगितली आहे, एकदा तर दातांच्या डॉक्टरला तोंडात कापूस असताना सांगितली आहे. गोष्टीतला मॅनेजर पहिल्या वर्षी सहा फूट होता, आता सात फुटांच्या खाली येतच नाही. त्याचं मनगट गॅसच्या सिलिंडरएवढं. मी एकोणीस पायऱ्या एका उडीत उतरतो, हातातला उकळता करक—म्हणजे तिकडचा कडक, दुधाचा—चहा त्याच्या तोंडावर फेकतो, त्याची कॉलर धरतो, आणि चार गार्ड मिळून माझी बोटं सोडवू शकत नाहीत. लोक उठून हात मिळवतात हो!

आज सांगतो ते मात्र मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आता का सांगतोय? माहीत नाही. कदाचित त्या गोष्टीचा मलाच कंटाळा आला असेल—नाही, हेही खोटं. कंटाळा कसला, अजून सांगताना मजा येते. तेच तर.

मंदीनंतरचं वर्ष होतं. दुबईतल्या क्रेन जिथल्या तिथे थांबल्या होत्या, आणि आमच्या ऑफिसात आठवडा सुरू झाला की, म्हणजे दर रविवारी, एक खुर्ची रिकामी दिसायची. कुणी विचारलं, तर हाताने हवेत फुली मारून सांगायचे—खलास. नोकरी गेली की व्हिसा जातो, व्हिसा गेला की महिन्याभरात घर, शाळा, गाडी, सगळं आवरून चालू पडायचं. त्यामुळे जो तो कॅनडाचा फॉर्म भरत होता. आणि कॅनडाच्या दारात उभी होती ती इंग्रजीची परीक्षा. ऐकणं, वाचणं, बोलणं जमायचं. लेखनाच्या पेपरात मात्र आमचे भले भले आडवे व्हायचे. एका तासात एक पत्र, एक निबंध, तेही हाताने, पेन्सिलीने.

मी त्या बांधकाम कंपनीत डॉक्युमेंट कंट्रोलर. पत्रं, रिपोर्ट, फायली सगळं माझ्या हातून जायचं. त्यामुळे इंग्रजीत मी म्हणजे वाघ! तशी मीच हवा केली होती. शुक्रवारी, सुट्टीच्या सकाळी, गोदामाच्या वरच्या खोलीत, टाइल्सच्या नमुन्यांमध्ये बसून मी क्लास घ्यायचो. मी स्वतः ती परीक्षा दिली होती का? नव्हती. कुणी विचारलंही नाही.

तीन विद्यार्थी. दोन पोरगेलेसे ड्राफ्ट्समन, आणि आमचे सेफ्टी ऑफिसर इक्बालभाई. रत्नागिरीकडचे. वय त्रेचाळीस, माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठे, दोन मुलींचे बाप. थोरली दहावीला. कॅनडा त्यांना त्या दोघींसाठी हवा होता. माझ्याहून मोठे, पण क्लासात शिरले की मला "सर" म्हणायचे—आणि मी म्हणू द्यायचो.

मी पट्टी ठेवायचो. स्टीलची, एक फुटी. चूक झाली की बोटांवर. तुम्ही म्हणाल, मोठ्या माणसांना? हो, मोठ्या माणसांना. पहिल्यांदा थट्टेत मारली, सगळे हसले, मग मला चटक लागली. एरवी ऑफिसात मी कुणाचाही नोकर होतो. वर माझ्या हातात पट्टी होती. इक्बालभाई तर हसत हात पुढे करायचे. "मारा सर, गावच्या शाळेत पण असाच शिकलो मी. मार खाल्ला की आमच्या डोक्यात प्रकाश पडतो."

आता त्या गुरुवाराकडे येतो. येतो—पण पाय मागे ओढतायत बघा.

गुरुवारी साइट मॅनेजरने मला केबिनमध्ये बोलावलं. त्याला आम्ही पाठीमागे हातोडा म्हणायचो. तो म्हणाला, तुमच्या मजल्यावरून एक माणूस कमी करायचाय. तू किंवा सेफ्टीवाला. रविवारी सांगतो. माझा मुलगा तेव्हा पहिलीत होता. बायकोला सातवा महिना. हे कारण म्हणून सांगत नाही. होतं, एवढंच.

दुसऱ्या दिवशी क्लासात मी पत्राचा विषय दिला: कामाच्या जागी तुम्ही काही धोकादायक पाहिलंत, अधिकाऱ्यांना कळवा. दीडशे शब्द, वीस मिनिटं. परीक्षेत असे विषय येतातच. इक्बालभाईंनी लिहिलं—परांचीची एक फळी सैल आहे, तरी कृपया लक्ष द्यावे. मी कागद टराटरा फाडला. "इक्बालभाई, हे पत्र आहे की लग्नाची पत्रिका? रक्त कुठाय यात?" पट्टी मारली. दुसरं पत्र. फाडलं, पट्टी. तिसरं. या वेळी बोटाचं कातडं फाटलं, ड्राफ्ट्समन हसायचे थांबले. मी म्हणालो, "खरं लिहा. पोटात जे दाबून ठेवलंय ना, ते लिहा."

त्यांच्या पोटात काय होतं, मला माहीत नव्हतं का? अख्ख्या साइटला माहीत होतं. त्या उन्हाळ्यात हातोड्याने एका गवंड्याच्या तोंडावर भिंतीची सरळी बघायची लेव्हल-पट्टी आडवी घातली होती. भिंत दोन बोटं वाकडी आली म्हणून. जबडा मोडला. वाळूतले दात इक्बालभाईंनी वेचले, टिश्यूत बांधून त्याच्याबरोबर हॉस्पिटलात पाठवले. आणि मग सेफ्टी ऑफिसर म्हणून रिपोर्टवर सही केली: शिडीवरून पडला.

चौथं पत्र त्यांनी एका दमात लिहिलं. नगरपालिकेला उद्देशून. मॅनेजरचं नाव, गवंड्याचं नाव, दात किती ते, आणि शेवटी—मी खोटी सही केली, मला झोप येत नाही. व्याकरण लंगडं होतं. तरी माझ्या अंगावर काटा आला. मी म्हणालो, "हेच! याला म्हणतात पत्र."

ते घाबरले. "सर, फाडून टाका हां. प्रॅक्टिससाठी लिहिलंय फक्त."

"माझ्याकडे आहे म्हणजे तिजोरीत आहे," मी म्हणालो आणि पत्र क्लासातल्या माझ्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. त्यांनी विश्वासाने मान हलवली, रक्ताळलेलं बोट चोखत चोखत नमाजाला गेले.

"खरं लिहा" म्हणताना मी काय करणार होतो हे मला ठाऊक होतं का, असं मी कितीदा स्वतःला विचारलंय. उत्तर दर वेळी एकच येतं. ठाऊक होतं.

रोज सकाळी सह्यांची फाइल मॅनेजरच्या टेबलावर मीच ठेवायचो. रविवारी ठेवली. सिमेंटची ऑर्डर, खाली इक्बालभाईंचं चौथं पत्र, खाली टाइल्सची पावती.

मग चहा घेतला आणि खिडकीत उभा राहिलो.

खरं सांगू? हातोडा माझ्या खांद्यापर्यंत यायचा. बुटका, पोट सुटलेला माणूस. पण त्याने इक्बालभाईंना कॉलर धरून यार्डात फरफटत आणलं तेव्हा तो मला सात फुटांचाच दिसला. त्याने त्यांच्याच डोक्यावरचं हेल्मेट काढलं आणि त्याच हेल्मेटने मारलं. तोंडावर. कानावर. पुन्हा तोंडावर. पन्नास-साठ मजूर उभे होते, एक पुढे सरकला नाही. काच बंद, एसी चालू, मला आवाज येत नव्हता. इक्बालभाईंचे ओठ मात्र दिसत होते. एकच शब्द म्हणत होते—प्रॅक्टिस, सर, प्रॅक्टिस. ते खाली पडले, उजवा हात वाळूत पसरला, आणि हातोड्याने त्या हातावर बूट आणला. लोखंडी टोकाचा सेफ्टी बूट. इक्बालभाईंनीच त्याला सही घेऊन दिलेला. एकदा नाही, तीनदा. माझ्या पट्टीने सुजलेली बोटं होती ती.

ऑफिसातून यार्डात एकोणीस पायऱ्या होत्या. मी एकही उतरलो नाही.

ही खूण? सांगतो. ते पत्र माझ्याकडे होतं, म्हणजे संशय माझ्यावर येणार. म्हणून दुपारी क्लासच्या खोलीत जाऊन मी माझंच कपाट पेचकसाने फोडलं. कुलूप सुटलं आणि पत्र्याचं दार उसळून भुवईवर बसलं. रक्त बघून मला आधी भीती वाटली—आणि मग, काय सांगू, आनंद झाला. संध्याकाळी हॉस्पिटलात इक्बालभाईंना मी म्हणालो, "कपाट फोडून पत्र नेलं हो हातोड्याने. तुम्हाला सोडवायला धावलो, बघा काय केलंय माझं." त्यांनी बँडेजमधून माझ्याकडे पाहिलं आणि रडले. माझ्यासाठी.

त्यांचा व्हिसा रद्द झाला. माझी खुर्ची राहिली. परीक्षा बारा दिवसांवर होती, केंद्र अल ऐनला. मीच गाडीने नेलं त्यांना. दीड तास वाळवंट, ते शेजारी बसून डाव्या हाताने मांडीवर अक्षरं गिरवत होते. उजव्या हाताची तीन बोटं प्लास्टरमध्ये. दुपारी बाहेर आले, हसले, म्हणाले, "नव्वद शब्द झाले, सर. पत्र-निबंध दोन्ही मिळून." बाकीच्या तिन्ही पेपरांत त्यांना माझ्या अपेक्षेपेक्षा चांगले गुण पडले. लेखनात गेले. कॅनडा तिथेच संपला. थोरलीची दहावी अर्ध्यात सुटली.

जायच्या आधी त्यांनी मला जेवायला बोलावलं. घरभर खोके बांधलेले, चादरीवर बसून जेवलो. त्यांच्या बायकोने, रुखसानाभाभींनी, माझ्यासाठी मुद्दाम कोकणातली सांदणं केली होती. तोवर मी मारामारीची गोष्ट ऑफिसबाहेरच्या ओळखीत फिरवली होती, ती त्यांच्या घरीही पोचली होती. धाकटीने माझ्या भुवईकडे बघत विचारलं, "अंकल, डिड यू रिअली थ्रो द टी?"

मी इक्बालभाईंकडे पाहिलं. आता तरी ते काही बोलतील म्हणून—की बोलू नयेत म्हणून?

"ऑफ कोर्स, बेटा," मी म्हणालो.

तिने बापाकडे वळून विचारलं, "अब्बू, यू सॉ?"

इक्बालभाई म्हणाले, "माझ्या डोळ्यांत रक्त होतं गं, मला काही दिसलं नाही. पण सर म्हणतात ना? मग फेकला असणार." आणि डाव्या हाताने, सांडत सांडत, त्यांनी माझ्या ताटात आणखी एक सांदण वाढलं.

दर ईदला त्यांचा फोन येतो. अजून सरच म्हणतात.

चहा मी फेकला नव्हता. यार्डातलं सगळं संपेपर्यंत खिडकीत उभा राहून घोट घोट प्यायलो. मग कप धुतला, जागेवर जाऊन बसलो, आणि मॅनेजरने सांगितला तो रिपोर्ट टाइप केला. स्पेलिंगची एक चूक नाही. शिडीवरून पडले.