कौसल्या सिस्टरचं रजिस्टर

कौसल्या सिस्टर रजिस्टरमध्ये रोगाचं नाव लिहीत नसत. पेशंट जे बोलला ते लिहीत. ‘छातीत कोंबडी फडफडती.’ ‘गुडघ्यात वाळू.’ ‘सून आल्यापासून डोकं.’ सिरसाळ्याच्या पुढच्या आमच्या आरोग्य केंद्रात तपासणीला आलेले साहेब हे वाचून वैतागत. सिस्टर त्यांच्यासाठी चहा मागवत आणि म्हणत, “साहेब, तिला जे होतंय ते तिनं सांगितलं. तुमचं रोगाचं नाव तुमी लिवा, शेजारी रकाना सोडलाय.” रकाना खरोखरच सोडलेला असे.

मी तिथं एमबीबीएसनंतरचं सरकारी बंधपत्राचं वर्ष काढायला गेले होते. पहिल्या दिवशी माझ्या नव्याकोऱ्या स्टेथोस्कोपकडे बघून त्यांनी विचारलं, “म्याडम, कान चांगले हायेत ना?” मला वाटलं, तब्येतीची चौकशी आहे.

त्याच वर्षी मी अमेरिकेत रेसिडेन्सीसाठी, म्हणजे तिथल्या हॉस्पिटलातल्या पुढच्या शिक्षणासाठी, अर्ज भरत होते. त्यात स्वतःविषयी एक पान लिहावं लागतं: मी कोण, डॉक्टर का झाले, तुम्ही मला का घ्यावं. परीक्षेतले माझे गुण बेताचे, त्यामुळे सगळी भिस्त त्या पानावर. मी नमुने वाचले. प्रत्येक उमेदवाराला सातव्या वर्षीच मानवजातीची कणव आलेली होती. मला सातव्या वर्षी फक्त गोवर आला होता.

म्हणून मी एक प्रसंग निवडला. आठव्या महिन्यातली गरोदर बाई, रक्तदाब भयंकर वाढलेला. मी तो ओळखला, इंजेक्शन दिलं, अॅम्ब्युलन्सने मोठ्या दवाखान्यात पाठवलं. आई आणि मूल दोघंही वाचली. दुपारी पेशंट संपल्यावर सिस्टर म्हणाल्या, “काय लिवताय एवढं? वाचा की मराठीत.” मी वाचलं. त्या बँडेजच्या घड्या घालत ऐकत होत्या.

“लई भारी लिवलंय. पण अर्धंच हाय.”

मी ओशाळून म्हणाले, “तुमचं नाव घालते ना, सिस्टर.”

“माझं नाव घालून काय करता? तिथं मला कोण वळखतंय! तुमी तिला लोहाच्या गोळ्या देऊन वाटंला लावलं व्हतं, ते कावून गाळलं?”

लावलंच होतं. दीड वाजला होता, मी ‘अशक्तपणा’ लिहून मोकळी झाले होते. बाई दारापर्यंत पोचली तेव्हा सिस्टरनी रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं: ‘डोळ्याम्होरं काजवे उडतेत, कपाळ फुटतंय.’ हे ती माझ्यासमोर बसूनच बोलली होती. तिला परत बोलावलं आणि मग बीपी बघितलं.

“हे लिहिलं तर कोण घेईल मला?” मी चिडले.

“न्हाई घेतलं तर इथंच ऱ्हावा, आमाला डॉक्टर पायजेच हाय.” मग घडी ठेवून हळू आवाजात म्हणाल्या, “पण घेतलं, तर तुमाला बघून घेतील. ह्या कागदातल्या डॉक्टरणीला न्हाई.”

चार दिवस मी पान उघडलं नाही. शेवटच्या तारखेला गोळ्या, दीड वाजलेला आणि काजवे, सगळं घातलं.

मुलाखतीत एका वयस्क डॉक्टरांनी विचारलं, “ती बाई दाराकडे निघाली, तेव्हा तुमच्या मनात काय होतं?”

“जेवण,” मी म्हणाले. ते हसले नाहीत. काहीतरी लिहून घेतलं.

मार्चमध्ये जागा मिळाली. तोवर मी केंद्र सोडून घरी आले होते. पहिला फोन सिस्टरना केला. पलीकडून लसीकरणाच्या दिवसाचं रडणं ऐकू येत होतं.

“मिळाली व्हय? बरं झालं,” त्या म्हणाल्या. “म्याडम, ती काजवेवाली आली हाय. पोरगी चालाय लागली तिची. आत्ता उंबऱ्याला अडखळून पडली, आन आपली आपण उठली बी. हे लिवा त्या कागदात.”

कागद केव्हाच गेला होता. मी पेन काढलं आणि म्हणाले, “सावकाश सांगा, सिस्टर.”